उलटतपासणी

युरियाच्या धुतलेल्या गोणीतून त्या पोरानं ते बाहेर काढलं, दिवाणावर पसरलं आणि दोन पावलं मागं सरकून उभं राहिलं. "सर, आजोबांचं जर्किन आहे. एकाहत्तरच्या लढाईतलं." मी कॉलर उलटी केली, मानेखालच्या लेबलावर टॉर्चचा उजेड तिरपा पाडला, बाहीची शिवण आतून चाचपली आणि म्हणालो, "एकाहत्तरचं नाही हे. पंच्याऐंशीच्या आधीचं असूच शकत नाही. आणि आपल्या फौजेचंही नाही, अमेरिकन आहे." आतून चहा यायचा होता, तेवढ्यात माझं सगळं उरकलं. पोरगं काही बोललं नाही. जर्किनाकडं बघत राहिलं आणि मग म्हणालं, "मग कुणाचं असंल, सर?" मी हसून म्हणालो, "असेल एखाद्या अमेरिकन सोल्जरचं." त्यानं बाह्या मागं दुमडल्या, कॉलर आत घेतली, हातानं सुरकुत्या मोडल्या आणि ते पुन्हा गोणीत ठेवलं. चहा घेतला, कप मोरीत नेऊन विसळून पालथा घातला आणि गेलं.

तो पालथा कप मला पुढं चार महिने छळत राहिला.

पोरगं माझ्याच मुलखातलं, किल्लारीच्या बाजूचं. इथं छत्रपती संभाजीनगरला चौघांत खोली करून भरतीची तयारी करतं. विद्यापीठाकडून गोगाबाबा टेकडीच्या रस्त्याला मी सकाळी फिरायला जातो, तेव्हा ही पोरं पळून घामाघूम होऊन परतत असतात. निम्म्यांच्या पायात चट्ट्यापट्ट्यांच्या पँटी. या नक्षीला आपल्याकडं कॅमोफ्लाज कुणी म्हणत नाही, ‘मिल्ट्री कलर’ म्हणतात, आणि तो कशावरही असतो. मोबाईलच्या कव्हरवर, ट्रॅक्टरच्या सीटवर, रसवंतीच्या ताडपत्रीवर. माणूस दिसू नये म्हणून जिचा जन्म झाला, ती नक्षी आपली पोरं चारचौघांत उठून दिसावं म्हणून घालतात. तसंही त्या हिरव्या रंगात मराठवाड्यात लपायचं म्हटलं तर श्रावणातले पंधरा दिवस मिळतील, तेही पाऊस झाला तर. बाकी सगळं साल काळी ढेकळं, वाळला कडबा आणि धूळ. या पोरांत कुणीतरी सांगितलं असावं की ते फिरायला येणारे सर जुने मिल्ट्रीचे कपडे जमवतात, बघितल्याबरोबर साल सांगतात. ‘बघितल्याबरोबर’ हा शब्द माझ्या कानावर आला तेव्हा मी खुलून गेलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

या नादाला वीसेक वर्षं झाली. घरात सतरा सैनिकांचे कपडे आहेत आणि सैनिक एकही नाही, असं बायको पाहुण्यांना सांगते. कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास आणि त्याच्या खालून जुन्या कापडाचा, बंद तळघरासारखा गारढोण वास येतो. यातलं एकही मी कधी अंगात घातलेलं नाही. आपण फौजी आहोत असं भासवायला फौजेचा पोशाख घालणं कायद्यानं गुन्हा आहे हा एक भाग, आणि आरशात तसं बघायचा धीर झाला नाही हा दुसरा. बरीचशी खरेदी छावणीच्या गुरुवारच्या बाजारातली. एका अंगाला बैल-म्हशींचा बाजार, शेणाचा आणि कडब्याचा वास, दुसऱ्या अंगाला ताडपत्रीवर जुन्या कपड्यांचे ढीग. परदेशातले उतरलेले कपडे गठ्ठे बांधून कांडल्याला येतात. बरेचसे पानिपतच्या गिरण्यांत चिंध्या होऊन पुन्हा सूत बनतात, त्यातून घोंगड्या निघतात. पण चुकूनमाकून एखादं धडकं जर्किन वाट चुकून आमच्या छावणीपर्यंत येतं. हिवाळ्यात त्याला गिऱ्हाईकही पक्कं असतं. थ्री फेज लाईट रात्रीची मिळाली की गव्हाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी. त्याला साल नको असतं, चेन चालू पाहिजे असते. मी ढिगाजवळ बसून एकेक कपडा उलटा करून बघायला लागलो की तिथला एक ओळखीचा विक्रेता वैतागतो. "चच्चा, तुमे कपडा लेते की पढते?"

पढतोच म्हणायचं. अमेरिकन कपड्याच्या लेबलावर ठेक्याचा क्रमांक असतो. त्याची सुरुवात डीएसए, म्हणजे तिथल्या फौजेच्या पुरवठा खात्याच्या आद्याक्षरांनी, असेल तर ठेका १९७७ च्या आधीचा, कारण त्या साली त्या खात्याचं नाव बदललं आणि पुढच्या लेबलांवर डीएलए छापलं जाऊ लागलं. मधले दोन आकडे म्हणजे ठेक्याचं साल. मालाचा साठा क्रमांक अकरा आकडी असेल तर कपडा साधारण १९७४ च्या आधीचा, तेरा आकडी असेल तर नंतरचा. लेबल उडालं असेल तर चेन बघायची, धागा बघायचा, आणि काहीच नसेल तर कपड्याची बेतणी बघायची. व्हिएतनामसाठी शिवलेल्या जंगल जॅकेटच्या पहिल्या खेपेत खिशांची बटणं उघडी होती. ती झाडोऱ्यात आणि दोरखंडात अडकायला लागली, म्हणून पुढच्या खेपेत झडपेखाली गेली. मग खांद्यावरच्या पट्ट्या निरुपयोगी ठरून गेल्या. मग कापडात मध्येमध्ये जाड धाग्याची चौकट विणली जाऊ लागली, एकदा भोक पडलं तर ते चिरत जाऊ नये म्हणून. कुणीतरी कुठंतरी अडकलं, फाटलं, भिजलं, ते वर कळवलं गेलं आणि हजारो मैलांवरच्या कारखान्यात कात्रीची रेघ बदलली. मला या बदलांचं जेवढं वेड आहे तेवढं लढायांचं कधीच नव्हतं.

तर ते जर्किन. चार रंगांचं, हिरवा, तपकिरी, वाळूचा आणि काळा. वुडलँड म्हणतात तो नमुना. अमेरिकन फौजेच्या अंगावर तो १९८१ साली आला, आणि तोही नवा नव्हे. १९४८ साली त्यांच्या एका प्रयोगशाळेनं काढलेलीच नक्षी मोठी करून छापलेली. एकाहत्तरला आपला जवान साध्या ऑलिव्ह ग्रीनमध्ये होता, त्यामुळं खरं तर लेबल बघायचीही गरज नव्हती. तरी मी बघितलं. डीएलए शाबूत होतं, पुढं ८५, त्यापुढचं पुसलेलं. कॉलर रुंद होती, जी पुढच्या वर्षांत आखूड झाली. कोपरावर दुहेरी कापड. आतल्या शिवणीतला एक धागा जाळला असता तर थोडी कागदाच्या वासाची राख आणि थोडा टणक मणी हाताला लागला असता, कारण हे कापड सूत आणि नायलॉन निम्मं-निम्मं असतं. एवढी सगळी साक्ष एका बाजूला. फक्त एक गोष्ट जमत नव्हती. डाव्या छातीला आतून कुणीतरी लुगड्याच्या काठाचा एक खिसा हातानं शिवून लावला होता. जांभळा इरकली काठ, विटलेला, टाके कुठं आखूड कुठं लांब. जमवणारे लोक अशा गोष्टीला छेडछाड म्हणतात आणि किंमत निम्म्यावर आणतात. मीही मनातल्या मनात ती निम्म्यावर आणली आणि पुढं गेलो.

कपडा उलटा करून बघायची खोड वडलांची. औशाला बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं, एक पायमशीन, एक कोळशाची इस्त्री आणि भिंतीला खडूनं लिहिलेली मापं. कुणी नवा शर्ट मिरवत आला की ते आधी त्याच्या बाहीचं टोक उलटं करायचे. "सुलटा बघितला की कापड दिसतं," म्हणायचे, "उलटा बघितला की शिंपी दिसतो." एका इंचात टाके किती, शिवण दोनदा मारली की एकदाच, कडेला किती कापड सोडलंय, काजाला दोरा कुठला, यावरून ते सांगायचे की हा शर्ट लातूरचा, हा सोलापूरचा, आणि हा कुणीतरी घाईत शिवलाय, त्याच्या घरी बहुतेक लग्न असावं. शेवटचं अर्थात थापच असायची, पण लोकांना तीच आवडायची. पोलीस ठाण्याची खाकी आमच्याकडं शिवायला यायची. खाकी या शब्दाचा अर्थ आमच्या घरी सांगावा लागला नाही. आजोबा निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेले, खाक म्हणजे धूळ हे त्यांनी आम्हाला पाटीवर लिहून दाखवलं होतं. पेशावरच्या गाईड्स पलटणीत लम्सडेन नावाच्या साहेबानं पांढरे कपडे मळखाऊ रंगात बुडवले आणि त्यातून जगभराच्या फौजांचा रंग निघाला, हे मला फार नंतर कळलं. तोवर खाकी म्हणजे दुकानातला उकाडा आणि इस्त्रीखाली पाणी शिंपडल्यावर येणारा खमंग वास, एवढंच होतं.

फौजेचा कपडा पहिल्यांदा हातात आला तो त्याच दुकानात, आणि ती वेळ यायला नको होती.

३० सप्टेंबर १९९३. मी आठवीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून गावं उशिरा झोपलेली, आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. औशात आमच्या भिंतीला बोटभर भेग गेली, एवढ्यावर भागलं. तिकडं किल्लारीकडं काय झालं ते मी इथं पुन्हा लिहीत नाही. ज्यांनी बघितलं त्यांना लिहायची गरज नाही. दोन दिवसांनी फौजेच्या गाड्या आमच्या रस्त्यानं दिवसरात्र जायला लागल्या. वडलांनी मशीन दुकानातून ओढून बाहेर निंबाखाली मांडलं होतं, कारण छताखाली बसायची कुणाची छाती होत नव्हती. एक दिवस एक जवान आला. पोरगेलाच होता. दगड उपसून उपसून पँटीचा गुडघा फाटलेला, नखांत माती, आणि अंगाला ब्लिचिंग पावडरचा असा वास की डोळ्यांत पाणी यावं. तो कमरेला टॉवेल गुंडाळून आमच्या बाजेवर बसला आणि वडलांनी पँट उलटी केली. आत शहाजहानपूरच्या कारखान्याची आद्याक्षरं आणि साल छापलेलं होतं. वडील त्या शिवणीवरून बोट फिरवत किती वेळ बसले. "बघ," मला म्हणाले, "आतनंबी बाहेरच्यासारखंच शिवलंय." गुडघ्याला आतून ठिगळ लावलं, वरून चौकडी टीप मारली, पैसे घेतले नाहीत. तो जवान पँट चढवून गेला. त्यानं नाव सांगितलं होतं की नाही, तेही आठवत नाही. शिक्का मात्र डोळ्यांसमोर आहे.

नंतर मदतीचे कपडे आले. शाळेच्या मैदानावर ट्रकनं गठ्ठे ओतले जायचे. साड्या, स्वेटर, लहान मुलांचे झबले, आणि त्यातच गळ्यात बांधायचे टाय, गोऱ्या बायकांचे झगे, ऑक्टोबरच्या उन्हात लोकरीचे ओव्हरकोट. आम्ही पोरं टाय डोक्याला बांधून फिरायचो आणि मार खायचो. वडील संध्याकाळी तिथं जाऊन कामाचं आणि बिनकामाचं निवडायला बसायचे. सवयीनं प्रत्येक कपडा आधी उलटा.

आमच्या भागात काळ मोजायची रीत वेगळी आहे. आजोबांचा जन्म कुठल्या साली झाला ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण रझाकारीत त्यांना मिसरूड फुटलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईचं लग्न बहात्तरच्या दुष्काळात, सुकडी खाऊन वऱ्हाड आलं म्हणे. नामांतराच्या वेळी अमका दहावीला होता. आणि १९९३ नंतर तर एकच रेघ, भूकंपाआधी आणि भूकंपानंतर. या रेघांत आकडा नसतो. ‘एकाहत्तर’ हा आकडा त्या पोराच्या तोंडी आला तोही साल म्हणून नव्हे. आजोबा फौजेत होते, फौज एकाहत्तरला लढली, घरात फौजेचं एकच कापड आहे, म्हणून ते एकाहत्तरचं. वडलांना विचारलंस का, असं मी त्याला त्या दिवशी म्हणालो होतो. ते पुण्याला ड्रायव्हर आहेत, फोनवर "असंल की" म्हणाले, एवढंच.

मी एवढ्या झटकन ‘नाही’ का म्हणालो, याचा विचार करताना मला आठवला तो माझा डेनिसन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिक घालायचे तो सदरा. सुरुवातीच्यांवर रंग चक्क हातानं, जाड कुंचल्यानं फटकारलेला, मागून पुढं दोन पायांच्या मधून घेऊन टिचबटणं लावायची एक शेपटी, म्हणजे उडी मारताना सदरा वर फुगू नये. आपल्या पॅरावाल्यांच्या अंगावर पुढं बरीच वर्षं दिसलेली कुंचल्याच्या फटकाऱ्यांची नक्षी याच घराण्यातली. असा एक सदरा मला मिळाला, नऊ हजारांना, आणि मी आठ दिवस जमिनीपासून चार बोटं वर चाललो. नवव्या दिवशी जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली आणि अंधारात त्यावर धरली. सगळ्या शिवणी निळ्या-पांढऱ्या पेटल्या. नव्या काळातला पॉलिस्टर दोरा. हा पुरावा एकटा पुरत नाही, आजच्या धुण्याच्या पावडरीतलं चकाकी आणणारं द्रव्य बसलं तर १९४४ चा खरा सदराही चमकतो. पण इथं कापड काळं आणि दोराच तेवढा चमकत होता, मग सुटका कुठली? त्या दिवसापासून मी आधी ‘नाही’ म्हणतो आणि मग बघतो. माझ्या धंद्यात, म्हणजे नादात, हीच हुशारी समजली जाते. समोरचा विकायला आलेला नसेल तर ती काय ठरते, हे कुणी सांगत नाही. पोरानं मला ते विकायला आणलं नव्हतं. त्याला गावच्या शाळेत सोळा डिसेंबरला, एकाहत्तरच्या विजय दिनी, ते टेबलावर मांडायचं होतं, आणि खाली चिठ्ठीवर काय लिहायचं एवढंच विचारायचं होतं. आणि मी कधीचं ते सांगितल्यावर त्यानं कुणाचं ते विचारलं होतं.

एप्रिलमध्ये औशाला लग्न होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि मी मोटारसायकल मागून घेऊन त्याच्या गावाला गेलो. पोराला आधी फोन केला होता. तो मैदानी चाचणीला गेलेला, पण आजी घरी आहे म्हणाला. भूकंपानंतर वसवलेल्या गावांत शिरलं की मला अजूनही चुकल्यासारखं होतं. सरळ रुंद रस्ते, एकसारखी घरं, दोन दारांत एवढं अंतर की शेजारणीला हाक मारायची तर ओरडावं लागावं. जुन्या गावात माळवदांवरून माळवदांवर चालत अर्धं गाव ओलांडता यायचं. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर मातीचं जड छत, उन्हाळ्यात आत गारवा. त्याच भिंतींनी आणि त्याच मातीनं माणसं नेली. आजी पडवीत चिंच फोडत बसली होती. एका बाजूला टरफलं, एका बाजूला चिंचोके, मध्ये चिकट तपकिरी ढीग, आणि सगळ्या पडवीला आंबूस वास. मी कोण ते सांगितल्यावर तिनं बत्ता न थांबवता मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"तूच व्हय. नातू म्हनला, सरांनी सांगितलं जर्किन आण्णाचं न्हाई म्हून."

"तसं नाही आजी, मी फक्त..."

"खरंच हाय की. न्हवतंच त्यांचं. भूकंपातलं हाय ते. गठ्ठ्यातनं निगालं."

मी ते गठ्ठे बघितले होते. त्यातला टाय डोक्याला बांधला होता. आणि १९८५ नंतर शिवलेलं अमेरिकन जर्किन आमच्या भागातल्या एका घरात कुठल्या वाटेनं आलं असेल, हा प्रश्न मला चार महिन्यांत एकदाही पडला नव्हता. लेबल वाचून झालं होतं ना.

आजी सांगत होती ते सलग नव्हतं. मध्येच चिंच, मध्येच कोंबडी हाकलणं. आण्णांची, म्हणजे पोराच्या आजोबांची, फौजेतली पेटी माळवदाखाली गेली. सासू आणि धाकटा दीरही तिथंच. पेटी पुढं निघाली पण चेपून, आतलं काही हाती लागलं नाही. "दोन दिस बनियनवर व्हते. गठ्ठा फुटला, त्यात हे गावलं. घातलं आन म्हनले, माप बराबर हाय." मग तिकडून एक जवान आला, त्यानं आण्णांच्या अंगावरचं ते बघितलं आणि विचारलं, कौनसी पलटन, साब? "ह्यांनी सांगितलं जंगी पलटन. त्या पोरानं टाच जुळवून सलाम ठोकला बग. मातीनं माखलेलं पोरगं." जंगी पलटण म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली, डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला लढलेली. म्हणजे एकाहत्तर होतंच त्या घरात, फक्त ते त्या कापडात नव्हतं. तिथून पुढं आण्णा त्या जवानांबरोबर दिवस दिवस फिरले. गल्ली नाही, वेस नाही, सगळा एकच ढिगारा. कुठल्या दगडाखाली कुणाचं घर, कोण कुठं झोपायचं, हे दाखवायला माणूस लागत होता. ते उभे राहून बोट दाखवायचे आणि जवान खणायचे. "रातीला यायचे तर बोलायचे न्हाईत. जर्किन मातुर काडलं न्हाई. थंडी न्हवती काय न्हवती. लोकं पुढं विचारायची, आण्णा, फौजेतलं का? हां म्हनायचे. खोटं काय हाय त्यात? फौजेतलंच हाय की ते."

मी म्हणालो, हो, फौजेतलंच आहे.

ती उठली आणि आतून ते घेऊन आली. मी ते हातात घेतलं तेव्हा सवयीनं उलटं केलं. जांभळा काठ. "हा खिसा?" आजी हसली. त्या रात्री अंगावर होतं तेवढंच लुगडं राहिलं होतं. ते फाटल्यावर त्याच्या काठाचा तिनं खिसा शिवला, मदतीचे कागद ठेवायला. कुणाचे किती गेले, घर किती खणांचं होतं, सही-शिक्क्याचे सगळे कागद. बाहेरच्या खिशात भिजतील म्हणून आतून. "उजेड न्हवता, कंदिलावर शिवलं. वाकडं झालंय." मी ते टाके आता नीट बघितले. आखूड-लांब होते, पण सुरुवातीला आणि शेवटी तिनं तीन-तीन टाके एकावर एक मारले होते, सुटू नये म्हणून. सुटले नव्हते.

"औशाच्या शिंप्याचं पोरगं ना तू?" आजी म्हणाली. "तुज्या बापाचं दुकान बगितलंय मी. निंबापाशी." आणि वरच्या बटणावर बोट ठेवलं. "हे लोंबायलंय. पोरगं थंडीचं घालून जातंय पळायला. लाव तेवढं."

असं बटण आम्ही लावत नसतो. सुटायला आलेलं बटण अलगद काढून छोट्या पिशवीत ठेवायचं, वर तारीख लिहायची, मूळ दोऱ्याचा तुकडा असेल तर तोही त्यात. नवा दोरा एकदा कापडात गेला की कपडा बाटला. हे मी दहा जणांना तरी शिकवलं असेल. आजीनं देवळीतून तेलाचा एक जुना डबा काढला, त्यात सुया, दोन बटणं, एक सुपारी आणि दोन रिळं, काळं आणि पांढरं. हिरवा दोरा नव्हता. तिनं चिंचेच्या हातानंच काळ्याचा हातभर दोरा ओढून मला दिला. मी चष्मा वर सरकवला, सुईत ओवला, शेवटाला बोटावर फिरवून गाठ मारली. चार भोकांतून चार वेळा, मग वडील घालायचे तसे बटणाखाली तीन वेढे, म्हणजे बटण कापडाला घट्ट चिकटत नाही आणि काजात सुखानं बसतं. कात्री मागायचं लक्षात आलं नाही. दोरा दातानं तोडला आणि तोंडात चिंचेची आंबट चव आली.